दगडवाल्या बाईंची विहीर

कोल्हापूरहून निघालो तो एक विहीर बघायला. माझ्या शिक्षिका सुनंदाबाई भूजलशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या मंडळींपैकी. अख्खी नोकरी त्यांनी विहिरींत उतरून खडक तपासण्यात काढली आणि आम्हा विद्यार्थ्यांनाही तेच वेड लावलं. आता गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यात अंथरुणावर होत्या आणि एकाच काळजीने बेजार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कबनूरच्या पुढच्या एका गावाच्या माळावर खणायला लावलेल्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे, की आजूबाजूच्या बोअरांनी ते पळवलं?

कबनूरचा यंत्रमागांचा खडखडाट मागे पडला. वडापवाल्याने (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप) अलीकडच्याच फाट्यावर उतरवलं आणि उन्हात चांगलीच तंगडतोड झाली.

विहिरीच्या काठावर एक म्हातारे बसले होते. नाव दत्तूअण्णा.

"कुठनं आलासा पावणं?"

मी बाईंचं नाव सांगितलं.

"दगडवाल्या बाई! बऱ्या हायत न्हवं?"

मी आत वाकून पाहिलं. दोन पुरुष (दोन माणसांच्या उंचीइतकं) पाणी! 

"बाईंनी सांगितलंय, वरच्या अंगाला बोअर मारायची न्हाय," अण्णा म्हणाले. "अजून कुणी मोडलं न्हाय."

त्यांच्या घरी भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) खाताना मला जोरदार ठसका लागला. पाणी देता देता अण्णा म्हणाले, "मी गावचा पाणाड्या. हातावर नारळ धरून पाणी सांगायचो; नारळ उभा ऱ्हायला की खाली पाणी. बाईंनी जागा दावली, पर बाईमाणसाचं कोण ऐकतंय? मग मी नारळ घिऊन तितंच गेलो. नारळ काय उभा ऱ्हायना. मीच अंगठ्यानं उभा केला की!"

"का पण?"

"मी सांगितलेल्या दोन हिरी कोरड्या गेलत्या. बाईंनी दगूड फोडून हातात दिला, त्यो वलसर हुता. मला पटलं."

कोल्हापूर स्टँडवरून बाईंना फोन लावला. पाणी आहे म्हटल्यावर त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. नारळाचं सांगावं का? 'त्या गावाने माझं ऐकलं,' हे त्या दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगायच्या. शेवटी सांगून टाकलं.  मग बाई खळखळून हसल्या.

"अरे, म्हणजे एकाला तरी पटलं होतं! तेही ज्याचा धंदा बुडणार होता, त्यालाच!"

पुण्याच्या गाडीत मला फार हलकं वाटत होतं. इतकी वर्षं भूजलाच्या पाहणीसाठी गावात शिरलो की मी थेट नकाशे उलगडत आलो. आता आधी पाणाड्याचं घर विचारायचं, असं ठरवून टाकलं.