पाच घरांना लिहिलेली पत्रं

दादाचं विलायतेहून पत्र आलं की आमच्या परभणीच्या दोन खोल्यांत सणच असायचा. तो तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टर होता आणि पाच वर्षांत एकदाही घरी आला नव्हता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, आणि घरात आई आणि मी दोघीच. या वेळच्या पाकिटातून पत्राबरोबर एक मोठा नकाशा निघाला. दादानं जुनी मोटार घेतली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघी या, तिकिटं मी पाठवतो, दहा दिवस समुद्राच्या कडेकडेनं निवांत हिंडू, असं त्यानं लिहिलं होतं. राहायचं कुठं, तर लोकांच्या घरी. तिथं म्हणे बायका घरातली एखादी खोली पाहुण्यांना देतात, सकाळी पोटभर न्याहारी घालतात, आणि त्याचे पैसे घेतात. दादानं अशी पाच घरं पत्त्यांसकट लिहून पाठवली होती. कुठं किती मुक्काम करायचा ते मात्र आम्ही ठरवायचं होतं.

मी नकाशा जमिनीवर पसरला आणि लोकरीच्या दोऱ्यानं अंतरं मोजायला लागले. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्या पयल्या गावात आपलं कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग दुसऱ्या?"

"आई, कुठंच कोणी नाही. पैसे देऊन राहायचं."

"पैसे घिऊन पाहुणा ठिवतेत? लय इपरीत बायका म्हणाव्या." थोडा वेळ तांदूळ चाळून ती म्हणाली, "आन् दोन दोन राती कशाला? तिला तिची कामं नसतेत का?"

पाचही बायकांसाठी मात्र तिनं त्याच दिवशी पाच चोळीचे खण बाजूला काढले. कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तिचा कायदा. त्या बायका चोळ्या घालत नाहीत असं मी सांगितलं, तर म्हणे उशीचे अभ्रे शिवतील. सहावा एक जांभळा खण होता, जरीच्या काठाचा, तो मात्र तिनं स्वतःसाठी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. पासपोर्टच्या फोटोसाठी फोटोवाल्यानं पदर थोडा मागं घ्यायला सांगितला तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की फोटोत तोच राग उतरला. पुढं ती जाईल तिथं साहेब लोक तो फोटो बघून दचकत होते.

सगळं असं हसतखेळत चाललं असताना एका सकाळी ती म्हणाली, "मी न्हाई येत. तू जाऊन ये."

मी चिडले. चिडणं माझ्या नाकावरच असतं. पाच वर्षं ज्या लेकासाठी ती झुरत होती, त्यानं बोलावलं तर ही नाही म्हणते! बरंच बोलले तेव्हा कुठं तिनं सांगितलं.

मी पोटात होते तेव्हाची गोष्ट. राणीसावरगावहून ती सोनपेठच्या बाजाराला गेली होती आणि परतीची गाडी चुकली. एरवी परगावी मुक्काम पडला तर आमची रीत ठरलेली: सरळ आपल्या वस्तीत जायचं, बापाचं नाव सांगायचं, मग ताट आणि अंथरूण दोन्ही मिळतं. पण ती वाटेतच दुसऱ्या जातीच्या एका घराच्या ओसरीवर घेरी येऊन बसली. घरची बाई मायाळू होती. तिनं पोटुशी बाई बघून पिठलं-भाकरी दिली, पेल्यात पाणी दिलं, निजायला जागा दिली. जात विचारायची राहिली आणि आईही बोलली नाही. सकाळी आईनं निघताना आपण होऊन सांगितलं.

"ती काय वंगाळ बोलली न्हाई, बाई," आई म्हणाली. "निस्तं माझ्या पेल्याकडं बघितलं. मी वळणावर जाऊन मागं बघते तर ती त्यो पेला आंगणातल्या चुलीच्या इस्तवात धरून भाजायली होती. तवापासून म्यां ठरवलं, परक्याच्या घरात पाय टाकायचा तर आधी सांगून."

मला तिचा राग आला होता त्याची लाज वाटली. पण लाज वाटली तरी माझी जीभ गप्प बसत नाही. मी म्हणाले, "मग आधी सांगू या. मी लिहिते पाचही जणींना."

आई तयार झाली, पण अट घालून. पाचाच्या पाच जणींचा होकार आला तरच ती येणार. एकीनं जरी नकार दिला किंवा उत्तर टाळलं तरी तिचं जाणं रद्द.

आता मला इंग्रजी पत्र येत होतं ते रजेच्या अर्जाचंच. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात करून मी लिहिलं, की आम्ही मायलेकी बौद्ध आहोत, पूर्वी आम्हाला अस्पृश्य मानलं जाई, तरी आम्हाला घरात घेण्यास आपली हरकत असल्यास उलट टपाली कळवावे. पाच प्रती केल्या, पाचांवर आईनं स्वतः तिकिटं चिकटवली. दादाला आधी विचारावं हे काही मला सुचलं नाही.

पहिलं उत्तर आलं तेव्हा आई दारातच उभी होती. त्या बाईनं विचारलं होतं, बौद्ध लोकांना सकाळी अंडी चालतात का, आणि चालत असतील तर कशी? आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसरीनं कळवलं की घरात कुत्रा आहे, तुमची हरकत नाही ना? तिसरीनं गरम पाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. चौथीचं एकाच ओळीचं पत्र होतं, जरूर या.

तेवढ्यात दादाचं पत्र आलं. त्या पाचजणींतल्या एकीनं त्याला फोन करून विचारलं होतं, तुझ्या बहिणीनं हे काय लिहिलंय? त्यानं मला चांगलंच झापलं होतं. 'इथं जात कुणी विचारत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'इथं रंग बघतात, आणि तो पत्रात लिहावा लागत नाही, दारात दिसतोच. तसली घरं मी यादीतून आधीच गाळलीत.'

"म्हंजी तिथंबी हायच की," आई म्हणाली, आणि तिनं नकाशाची घडी घालून ठेवली.

पाचवं उत्तर येईना. मी शाळेतून आले की आईच्या तोंडाकडे बघायची, ती मान हलवायची. आईला दादा पुन्हा किती वर्षं भेटणार नाही, कोण जाणे.

शेवटी पत्र आलं. अक्षर थरथरतं, म्हातारं. मी आईला मराठीत करून वाचून दाखवलं: 'तुमच्या प्रश्नाचा अर्थ मला नीटसा कळला नाही. पण माझीही एक अडचण आहे, ती आधीच सांगते. मी एकटी असते. घर लहान, टेबल एकच. न्याहारी मी पाहुण्यांबरोबर बसूनच खाते. काहींना ते आवडत नाही. तुमच्या आईची हरकत असेल तर कळवा, मी स्वयंपाकघरात खाईन.'

"पुन्यांदा वाच," आई म्हणाली.

मी वाचलं.

"ती मला इचारायली?"

"तुलाच."

आई उठली. तिनं ट्रंक उघडून तळातला जांभळा खण काढला आणि पाच खणांच्या वर ठेवला. मग माझ्यासमोर बसली.

"लिही तिला. माझी हरकत न्हाई. म्हणावं, बाई, तू माझ्या शेजारी बस. आन् खाऊन झालं की दोघींचे पेले मी इसळीन."

ते एक पत्र मी अर्जाच्या भाषेत लिहिलं नाही.