भोंग्याला एक फेरा

“डाक्टर, लेकरू घोरंना गेलंय. काय तरी बिघडलंय.”

ओपीडीच्या दारात मुक्ता उभी होती. खांद्यावर तिचा अडीच वर्षांचा गणू गाढ झोपलेला. तिला मी बारा दिवसांनी बोलावलं होतं. आज आठच दिवस झाले होते.

गणूचा खालचा जबडा जन्मापासून आखूड. झोपेत जीभ मागे पडायची आणि श्वास अडायचा. उताणा ठेवला की ओठ निळे. म्हणून अडीच वर्षं मुक्ता त्याला खांद्यावर घेऊन बसल्या बसल्याच झोपत होती. तो घोरायचा, तेवढाच तिला भरवसा. आवाज थांबला की ती त्याला हलवून उठवायची.

आम्ही दोन्ही बाजूंना जबड्याचं हाड कापून स्क्रूचं यंत्र बसवलं होतं. नव्वदीच्या अखेरीस अंबाजोगाईत हे नवंच होतं. स्क्रू एक फेरा फिरवला की हाडाची टोकं अर्धा मिलिमीटर लांब सरकतात आणि मधल्या फटीत हळूहळू नवं हाड धरतं. दिवसाला दोन फेरे, बारा दिवस. घाई केली तर नुसती फट उरण्याची भीती.

खरं तर तिला वॉर्डातच ठेवायला हवं होतं. पण ती ऊसतोड मजूर, आणि ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसली की कोयता मोडला, मजुरी बुडाली. जखम बरी दिसली तसा मी नमलो. फेरा कसा द्यायचा ते सिस्टरनी तिच्याकडून घोटून घेतलं.

“घड्याळ आहे का?” मी विचारलं होतं.

“न्हाई. कारखान्याचा भोंगा हाय की.”

“मग भोंग्याला एक फेरा, दोन्ही बाजूंना.” स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

आता मी विचारलं, “फेरे चुकले का?”

“एक बी न्हाई.” तिने कनवटीची सुतळी काढली. फेऱ्याला एक गाठ. मी मोजल्या. चोवीस.

“आठ दिवसांत चोवीस?”

“तीन भोंगे व्हत्यात ना. पहाटं, दुपारी, रातच्याला. तुमीच म्हनलतं, भोंग्याला एक.”

तीन पाळ्या, तीन भोंगे. उसाच्या जिल्ह्यात हाडं झिजवूनही मी दिवसाचा एक, रात्रीचा एक, असे दोनच भोंगे धरून चाललो होतो.

आमच्या विभागप्रमुख सरांनी नवा एक्स-रे उजेडापुढे धरला. “हिला रागावू नका.”

“सर, चूक माझी आहे.”

“ते मला माहीत आहे. लांबी पूर्ण झालीय. फिरवणं बंद. हाड धरतंय की नाही, ते आता वाट बघूनच कळेल.”

“मंग त्यो घोरत कावून न्हाई?” मुक्ताने विचारलं.

मी गणूला अलगद टेबलावर उताणा ठेवला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. श्वास आत, बाहेर, काही आवाज नाही. ओठ गुलाबीच राहिले. “वाट मोकळी झालीय, बाई,” मी म्हणालो. तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं ते काढेचना.

या खेपेला मी तिला सोडलं नाही. नवऱ्याने निरोप धाडला, “ऱ्हाऊ द्या तिला. मी निभावतो.” दर आठवड्याला मी एक्स-रे काढून उजेडापुढे धरायचो. आधी धुरकट सावली दिसली, मग ती दाटत गेली. दोन महिन्यांनी हाड पक्कं झालं. पोरांची हाडं डॉक्टरांच्या चुका पोटात घालतात, पण त्यावर विसंबू नये. तेव्हापासून मी पेशंटला वेळ सांगण्याआधी विचारतो, तुमच्याकडे भोंगे किती होतात.

यंत्र काढल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातून घोरण्याचा आवाज आला. मी धावत गेलो. गणू खाटेवर बसून बिस्किट खात होता. शेजारी मुक्ता आडवी होऊन गाढ झोपली होती. सिस्टर तिला उठवायला निघाल्या, मी त्यांना थांबवलं.