पासलीहून आलेली चूल

आमच्या विहीणबाईंचं नाव सगुणाबाई. डोंगरातल्या पासलीच्या. अंगानं काटकुळ्या, आन इचारल्याबिगर तोंडातनं शबुद न्हाई. म्या धोंडाबाई, कामथडीची. माझं तोंड साऱ्या गावाला म्हाईत! पर त्या बाईपुढं माझीबी बोलती बंद झाली.

माझ्या आकाशची बायको अश्विनी, ही त्यांची धाकटी लेक. पहिलटकरीण. म्या निरोप धाडला, "सातवा सरत आला, पोरीला न्यायला या." पहिलं बाळंतपण म्हायेरचं, ही रीतच हाय. न्हाईतर लोक म्हणायचे, हिला म्हायेर न्हाई का?

त्या आल्या, पर न्यायला न्हाई. यष्टीतनं उतरल्या त्या डोक्यावर पोतं घिऊन. म्या म्हणलं, तांदूळ आसतील. पोतं सोडलं तर आतनं निघालं काय? चुलीचे तीन दगड! धुरानं काळेकुट्ट झालेले.

"ह्ये काय वो, विहीणबाई? कामथडीत दगडांचा दुष्काळ पडलाय व्हय?"

त्या हासल्याबी न्हाईत. "थोरलीला कळा लागल्या तवा पासलीत गाडी न्हवती. गाडी घावस्तवर उशीर झाला, मूल वाटंतच गेलं. हिला म्या डोंगरात न्हेणार न्हाई. हितनं दवाखाना जवळ हाय. माझी चूल पेटंल तितं तिचं म्हायेर."

"मग ऱ्हावा की आमच्यात!"

"लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणीबी प्यायचं न्हाई. आमची रीत हाय."

आता बोला! शेजारच्या सोनबाचा गोठा रिकामा व्हता. तितं सारवून बाईनं चूल मांडली. म्या सुनंची ओटी भरली आन तिला म्हायेरी धाडली, कुंपणापल्याड! सारं गाव हासलं. हासू दे. तिकडं भात कापणीला आलेलं, तेबी धाकट्या जावंवर सोडून बाई हितं बसली. आमची हीर दारात, तरी ती गावच्या नळावर रांगंत उभी ऱ्हायची. मला आसा राग यायचा! आमच्या पाण्यात काय ईख कालवलंय? तांब्या पुढं केला की नुसती हात जोडायची.

एक दिवस सकाळी कळा सुरू झाल्या, तसा आकाशनं टेम्पो काढला. च्या निवायच्या आत दवाखान्यात पोचलो. पोरगी झाली. पर अश्विनीचं रगात थांबंना. नर्सा धावाय लागल्या, सलाइन, इंजेक्शनं. म्या देवाचा धावा करत बसले. सगुणाबाई दाराला खेटून उभ्या, पापणी हलत न्हवती. लई येळानं डॉक्टरीणबाई भाईर आल्या.

"थांबला रक्तस्राव. इथं होती म्हणून वाचली."

पासलीच्या वाटंवर आसती तर? न्यायला या म्हणून निरोप धाडला तवा लोक काय म्हणतील, एवढंच मला दिसत व्हतं. आन ही बाई डोक्यावर आख्खं म्हायेर घिऊन डोंगर उतरली! आसली बाई म्या जन्मात पाहिली न्हाई.

सगुणाबाई तितंच फरशीवर बसल्या.

"विहीणबाई," त्या म्हणल्या, "तुमच्या घरचं पाणी हाय का?"

पिशवीत आमच्या हिरीची बाटली व्हती, ती दिली. त्यांनी एका दमात रिकामी केली.

"लई गोड हाय वो," म्हणल्या, आन मग ओक्साबोक्शी रडल्या.