चाक फिरवायच्या आधी

चाकाला हात लावला की अडिवेप्पा तो लगेच मागं घ्यायचा. गेल्या उगादीपासनं, म्हणजे पाडव्यापासनं, हे सुरू झालं होतं. त्याआधी वीसेक वर्षं हेच चाक त्यानं रहाटासारखं गरागरा फिरवलं होतं, तोंडात पान धरून.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर म्हणजे लोखंडी कपाटांचं गाव. कपाटं रुळांवर उभी, एकाला एक चिकटून, शेणी रचल्यागत. असे चार जथे, आणि एका जथ्यात वाट एकच, माणूस जाईल एवढी. दुसरी रांग उघडायची तर तिच्या टोकाचं चाक फिरवायचं. कपाटं गडगडत सरकतात, हवी ती वाट उघडते, आधीची मिटते. मिटते म्हणजे मुंगीलाही जागा उरत नाही.

वरून चिठ्ठी यायची, तिच्यावर आकडा. आकड्यानं रांग सापडते, दशांशानं फळी आणि खालच्या तीन अक्षरांनी पुस्तक. आधी गल्ली, मग घर, मग उंबऱ्यात बसलेली म्हातारी, असा तो हिशोब. आणि तळघराची रीत अशी, की चाक फिरवणाऱ्यानं उघड्या वाटेचा आकडा मोठ्यानं पुकारायचा. आत कुणी असेल त्यानं तोच आकडा परत ओरडायचा. नुसतं "हाय, हाय" चालत नसे. तळघरात आवाज घुमतो, आणि कुठल्या जथ्यातलं कोण बोललं ते कळत नाही.

"नऊशे चोपन्न! आत कोण?"

"नऊशे चोपन्न! दम धर की रं!"

एवढ्यावर ग्रंथालयातल्या बावीस माणसांची हाडं आजवर शाबूत राहिली होती.

अडिवेप्पाचे कान कधी गेले ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बायको निंगव्वा अलीकडं कमी बोलते, असं वाटून तो दोन महिने खूश होता. मग उगादीच्या आदल्या दिवशी त्यानं आकडा पुकारला, उत्तर आलं नाही म्हणून चाक फिरवलं, आणि खड्‌कन काहीतरी चेपलं. त्याचा जोडीदार फकिराप्पा वाटेत डबा ठेवून पलीकडं उभा राहून बोंबलत होता. भाकरी, शेंगांची चटणी, वांगं, सगळं पत्र्यासकट पापडासारखं झालं.

"किती वरडलो! कानात काय बोळं घातलास?" फकिराप्पा म्हणाला आणि हसला. सगळेच हसले. अडिवेप्पाही हसला. त्या रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. तो चेपलेला डबा सारखा समोर यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जागी दुसरंच काही दिसायचं.

सांगायचं कुणाला? त्याचा बाप बहिरा होता. नवलगुंदाकडच्या त्यांच्या गावात पोरं बापाच्या पाठीमागनं ढेकळं मारायची आणि बाप वळला की आभाळाकडं बघायची. लहानपणी त्यातलं एखादं ढेकूळ अडिवेप्पानंही मारलं होतं. शिवाय कळलं की वर फाटकाशी बसवणार, लोकांच्या पिशव्या चिवडायला. तळघरातला प्रत्येक आकडा ज्याच्या पायाला ठाऊक, त्यानं पिशव्या चिवडायच्या!

म्हणून तो प्रत्येक वेळी वाटेच्या तोंडाशी जाऊन आत डोकावून यायचा, मगच चाकाला हात लावायचा.

"प्रदक्षिणा घालतोस काय रं कपाटाला?" फकिराप्पा विचारायचा. "नारळ आणू?"

अडिवेप्पा त्याच्या ओठांकडं बघून अंदाजानं म्हणायचा, "आण की."

आषाढातली दुपार होती. काउंटरच्या रुद्रम्मा मॅडम स्वतः जिना उतरून आल्या, म्हणजे वर घाई असणार. त्यांनी चिठ्ठी त्याच्या नाकासमोर नाचवली. "पाहुणे खोळंबल्यात! सातशे ब्याण्णव. आणि प्रदक्षिणा नको आज!" एवढं बोलून त्या निघूनही गेल्या.

सातशे एक्क्याऐंशीची वाट उघडी होती, गाण्याबजावण्याची. अडिवेप्पा डोकावला. वाट रिकामी. तो चाकाशी आला, घसा खाकरला. "सातशे एक्क्याऐंशी! आत कोण?"

आडात दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. त्यानं चाक फिरवलं.

कपाटं सरकली. मग चाक जड झालं. कधीकधी पुस्तक रुळात पडतं, तेव्हा असं होतं. एक हिसडा दिला की पुढं जातं. त्यानं छाती टेकली, पाय रोवले. तेवढ्यात हातांच्या तळव्यांना काहीतरी लागलं. लोखंडातनं धडधड येत होती. थांबत होती, परत येत होती, वेडीवाकडी. पलीकडनं कुणीतरी कपाटावर मुठी मारत होतं.

त्यानं झटक्यात छाती काढून घेतली. चाक उलटं फिरवताना खांद्यात उसण भरली ती त्याला नंतर कळली.

आत दाक्षायणी होती, संशोधन करणारी मुलगी. तो डोकावून चाकाशी येईपर्यंत भिंतीकडच्या बाजूनं शिरून खालच्या फळीवरचं पुस्तक शोधायला ती जमिनीवर बसली होती. तिच्या आणि कपाटाच्या मधे लोखंडी स्टूल आडवं अडकलं होतं, त्याचा एक पाय कोपरासारखा वाकलेला. गुडघे तिनं पोटाशी घेतले होते. हात खरचटला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि अडिवेप्पाला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं तीन बोटं दाखवली. तीनदा ओरडली होती ती.

तो तिच्यापुढं बसला. ती अगदी जवळ सरकून बोलली, म्हणून ऐकू आलं.

"काका, माझंच चुकलं. मागनं शिरायचं न्हाई हे ठाऊक होतं. वर सांगू नका हं. माझं कार्ड काढून घेतील."

म्हणजे सुटलाच होता की अडिवेप्पा. पोरगी बोलणार नव्हती. स्टूल अडगळीत फेकलं की झालं. उद्या परत तेच चाक, आणि तोच आकडा पुकारायचा. पुढच्या खेपेला स्टूल नसलं तर?

त्यानं स्टूल उचललं आणि जिना चढला.

वाचनालयात माना खाली घालून पोरं वाचत बसली होती. रुद्रम्मा मॅडमपुढं कुणी परगावचे प्राध्यापक उभे होते. अडिवेप्पानं वाकडं स्टूल काउंटरवर ठेवलं आणि पुढं वाकून हळूच, त्याच्या हिशोबानं अगदी कानात सांगावं तसं, म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई."

सगळ्या माना वर आल्या. कोपऱ्यातला एकजण फिस्सकन हसला. रुद्रम्मा मॅडमचं बोट सवयीनं ओठांवर गेलं. मग त्यांची नजर स्टुलाच्या पायावर पडली, आणि बोट तिथंच राहिलं.

"कधीपासनं?" त्यांचे ओठ म्हणाले.

"उगादीपासनं!" ते तर बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं असणार.

फाटकावर नाही बसवलं त्याला. वरच्या मजल्यावर, जिथली कपाटं हलत नाहीत, तिथं परत आलेली पुस्तकं आकड्याप्रमाणं लावायचं काम दिलं. तळघरातलं चाक आता फकिराप्पा फिरवतो. ते फिरलं की वरच्या फरशीतनं बारीक थरथर अडिवेप्पाच्या अनवाणी तळव्यांना लागते. तो हातातलं पुस्तक फळीत घालत नाही, तसाच उभा राहतो. थरथर कुठं अडखळते का, ते बघत.