शाईचे काळे हात

‘आज नको’ हे गाणं येत नाही असा माणूस आमच्या बेटावर सापडायचा नाही. लग्नात चार पेले पोटात गेले की सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते रडत-रडत म्हणतात. रेडिओवरचा निवेदक तर आधी नाकातून एक उसासा सोडतो: “रसिकहो... नकाराची इतकी हळुवार कहाणी... आपल्या भाषेत दुसरी नाही!”

तो नकार देणारी बाई आमच्या शेजारी राहते. पेरिनामावशी. उमेदीची सारी वर्षं तिनं सार्डिन मासळीच्या कारखान्यात घालवली, माशांची मुंडकी उडवण्यात. अजूनही बोलताना हात असा झटकते की समोरच्यानं मान मागे घ्यावी. तिच्या तरुणपणी समुद्रापासून लांबच्या झाग्रेब शहरातला एक कवी उन्हाळाभर तिच्या आईकडे भाड्यानं राहिला, परत गेला आणि त्यानं हे गाणं लिहिलं. गाण्यातला तो विचारतो, माझी होशील का? ती म्हणते, आज नको. मग तो शाईनं काळे झालेले हात घेऊन निघून जातो. शाई म्हटल्यावर कवीच, दुसरं कोण असणार! गावानं ठरवूनच टाकलं, पेरिनानं कवीला नाकारलं आणि बेपो कोळ्याच्या गळ्यात पडली.

बेपोकाकाही तेच धरून बसला होता. गाणं सुरू झालं की तो रेडिओ बंद करायचा आणि अंगणात जाऊन जाळं शिवायचा. फाटलेलं नसलं तरी.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. चर्चमध्ये पुन्हा आशीर्वाद, मग धक्क्यावर जेवण. तिथे गावच्या गायकमंडळानं हेच गाणं म्हणावं असं मावशीनं परस्पर सांगून टाकलं. काकाला कळलं तेव्हा तो इतका ओरडला की आमच्या स्वयंपाकघरात आम्ही चमचे खाली ठेवले.

“त्या शाईवाल्याचं गाणं, माझ्या लग्नात? त्यालाच बोलव मग! बसव शेजारी!”

“तो गेला, बेपो. केव्हाच.”

“बरं झालं. म्हणजे, देव त्याला शांती देवो. मी येत नाही. एकटी घे आशीर्वाद.”

“म्हणजे इतकी वर्षं रेडिओ बंद करायचास तो त्याच्यावरून? मला वाटायचं, तुला लाज वाटते!”

“मला कशाला लाज वाटेल?”

“शोर बेपो,” मावशी म्हणाली. शोर म्हणजे साहेब; ती नवऱ्याला असं म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही. “गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलंयस?”

“पहिल्या ओळीलाच बंद करतो.”

“ऐक मग. दुसऱ्या कडव्यात भिंतींना घाम सुटलाय. भिंतींना घाम कधी सुटतो?”

“यूगोत. हे काय विचारणं झालं!”

यूगो म्हणजे दक्षिणेचा दमट वारा. तो लागला की सगळ्यांची डोकी ठणकतात, नवराबायको भांडतात, आणि त्या दिवशी कोणी कसला निर्णय घेत नाही. यूगोत बोललेलं धरायचं नसतं.

“आणि तो कवी टाइपरायटरवर लिहायचा,” मावशी म्हणाली. “हात पावाच्या पिठासारखे पांढरे! यूगोत आमच्या दारात माकुळांची बादली घेऊन कोण आलं होतं? माकुळांच्या शाईनं कोपरापर्यंत काळं कोण झालं होतं?”

पलीकडे मावशीनं टेबलावर हात आपटला.

“‘करतेस का लग्न, की जाऊ मी?’ हे कोण म्हणालं? मी म्हटलं, आज नको. कवी वर गच्चीत बसून ऐकत होता. झाग्रेबचा माणूस, त्याला वाऱ्याचं काय कळतंय! त्याला वाटलं, नकार.”

“छे!” काका म्हणाला. “मी एकदाच विचारलं. उत्तरेचा वारा सुटला होता, आकाश लख्ख, तू कारखान्यातून येत होतीस. लगेच हो म्हणालीस.”

“ती दुसरी खेप, मेल्या!”

“मग पहिली कशाला मोजतेस? यूगो होता ना!”

यावर मावशी अशी हसली की तिला खोकला लागला, आणि काका तिला पाणी आणायला धावला.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला जाऊन उभा राहिला. “इतकं हळू काय गाताय? कोणी मेलंय का? हो म्हणाली ती!”

मंडळाचा मास्तर चाचरत म्हणाला, “शोर बेपो, गाण्यात तसं नाहीये.”

“मग गाणं चुकलंय. मी तिथे होतो.”

समारंभाला काका आला. धक्क्यावर मावशीचा हात धरून पहिल्या बाकावर बसला, आणि गाणं सुरू होताच पोलका नाचाची उडती चाल असल्यासारखा टाळ्या पिटत, बेसूर, सगळ्यांच्या पुढे पळत गायला लागला. मास्तरनं दोनदा डोळे वटारले. शेवटी त्यानंच हात टेकले, आणि अख्खं मंडळ धापा टाकत काकाच्या मागे पळत सुटलं.