वाढत्या अंगाचा कमठा

पुष्पावतीची पिठाची गिरणी आजवर लाईट गेल्यावर, नाहीतर घरात सुतक आल्यावरच बंद राहिली होती. त्या गुरुवारी मात्र तिसरंच कारण निघालं. सकाळी सहाला बाजरीचा डबा घेऊन आलेल्या शेजारणीला तिनं शटर ओढता ओढताच सांगून टाकलं, "आज दळन न्हाई. जामखेडला चाललेय. माझं धनुष्य तयार झालंय."

शेजारीण डबा कमरेवर धरून बघतच राहिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर भुवयांपर्यंत पिठात माखलेली, तिला धनुष्य कशाला हवं? रामनवमीच्या देखाव्याचं काहीतरी असेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली. तिचा तरी काय दोष? बेलापुरात पुष्पावतीला ओळखत नाही असं कुणी नाही, पण ओळखतात ते गिरणीवाल्या वहिनी म्हणून. गिरणीच्या आधीही या बाईला काही आयुष्य होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

नवरा, काकासाहेब, तिला मोटारसायकलवरून श्रीरामपूरच्या स्टँडवर सोडायला आला. वाटभर त्याची चेष्टा चालू होती.

"अगं, सीतेचं सयंवर मांडलंय का काय?"

"मांडलंय. पर तुमी येऊ नका, तुमाला उचलायचं न्हाई ते."

काकासाहेब इतका हसला की गाडी खड्ड्यातून गेली. एस.टी.त बसवून देताना मात्र तो गंभीर झाला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "झालं की फोन कर बरं का. लगीच." बायकोनं मनाशी काय ठरवून ठेवलंय, ते त्याला ठाऊक होतं.

पुष्पावती मात्र आनंदात होती. नगरला माळीवाड्यावर गाडी बदलून जामखेडची धरेपर्यंत तिनं शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायकांना आपण कुठं आणि कशाला चाललोय हे सांगून टाकलं होतं. एरवी ही बाई मोजकं बोलणारी. पण त्या दिवशी तोंडाला कुलूपच राहिलं नव्हतं.

सतराव्या वर्षी ती राज्याच्या स्पर्धेत बांबूच्या धनुष्यावर चौथी आली होती. शाळेतल्या खेळाच्या सरांनी पोरींच्या हातात लेझीम देण्याऐवजी धनुष्य दिलं, आणि पुष्पावतीनं ते असं धरलं की सर म्हणाले, ही जन्मताना मूठ वळूनच आलेली दिसते. तिसरी आलेली मुलगी तिच्यापुढं दोन गुणांनी होती. ते दोन गुण तीस वर्षं झाली तरी पुष्पावतीच्या घशाखाली उतरलेले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. धनुष्य माहेरी राहिलं आणि भावानं ते दोडक्याच्या मांडवाला लावलं. त्या साली दोडके लई लागले, असं तो अजून कौतुकानं सांगतो. या भावाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पुढं संसार, गिरणी, मुलाचं शिक्षण. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि गेल्या पावसाळ्यात एक दिवस ती पुतणीचा डबा द्यायला श्रीरामपूरच्या मैदानावर गेली. पुतणी संस्कृती तिथं तिरंदाजी शिकते. "काकू, बघ की एकदा वढून," म्हणत तिनं आपलं धनुष्य काकूच्या हातात दिलं. पुष्पावतीनं पदर खोचला, पाय रोवले, दोरी ओढली. दोरी वीतभर आली आणि थांबली. सगळ्या पोरी एवढ्या मायेनं "राहू द्या काकू, राहू द्या" म्हणाल्या की त्यापेक्षा खदाखदा हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथल्या शिक्षकांनी सांगितलं, मुलींची यंत्रासारखी धनुष्यं आता नकोत, तुमच्या मापाचं साधं बांबूचं करून घ्या. संस्कृतीनं मोबाईलवर शोधून जामखेडजवळच्या वस्तीवरचा, बांबूची धनुष्यं करणारा अंगद काढला. पुष्पावतीनं मनाशी एकच ठरवलं: हेही ओढता आलं नाही, तर पुन्हा धनुष्याचं नाव काढायचं नाही. हे तिनं काकासाहेबालाही सांगितलं होतं. म्हणून तर तो खिडकीशी तसा आला होता.

अंगदनं फोनवर बारीकसारीक सगळं विचारलं होतं. उंची किती, हात पसरल्यावर किती, मूठ जाड का बारीक, दोरी कुठल्या रंगाची. तिनं लग्नाची साडी घ्यावी तशी दोन दिवस विचार करून दोरी लाल आणि मुठीवरची गुंडाळी हिरवी सांगितली. मग त्यानं विचारलं, "ताई, ताण किती किलोचा ठेवू?"

आता इथं तिनं घोळ घातला. खरं माप तिला माहीत होतं. गिरणीतला ताणकाटा खिडकीच्या गजाला बांधून, सायकलची जुनी ट्यूब त्याला अडकवून ती रोज ओढत असे. हनुवटीपर्यंत ओढून धरलं की काटा अकरावर यायचा, एखादे दिवशी जेमतेम बारावर. पण सतराव्या वर्षी तिचं धनुष्य सोळा किलोचं होतं. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "सोळा."

यात फुशारकी थोडी होती. बाकी होती ती सवय. आपल्याकडं पोरांचा कपडा कधी पोराच्या मापानं शिवलाय कुणी? शिंप्यापुढं उभं करायचं आणि आईनं सांगायचं, "वाढत्या अंगाचं शिवा." दोन वर्षं बाह्या दुमडायच्या, तिसऱ्या वर्षी अंगाला बसेपर्यंत कपडा विरतो. पुष्पावतीचा शाळेचा झगा तसाच होता, चपला तशाच, लग्नातलं पोलकंसुद्धा तसंच. तिनं मुलाचेही कपडे तसेच शिवून घेतले. तेव्हा धनुष्य सोळाचं घ्यावं आणि अंग हळूहळू तिथवर न्यावं, यात तिला वावगं काहीच दिसलं नाही.

अंगदची वस्ती फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड, झाडाला टांगलेला कापूस मोजायचा ताणकाटा, आणि भिंतीशी उभे केलेले बांबू. अंगद पस्तिशीचा, काटक. आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, तेव्हा फडावर शेजारच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबं असायची. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याकडून तो कमठा करायला शिकला. धनुष्य हा शब्द तो वापरतच नाही.

"या ताई. कमठा तुमची वाटच बघतोय," असं म्हणत त्यानं घरातून तो आणला आणि तिच्या हातावर ठेवला.

पुष्पावतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भरीव बांबूचा, मधासारख्या रंगाचा, हात फिरवला तर कुठं एक कुसळ लागेल तर शपथ. हिरवी मूठ तिच्या तळव्यात अशी बसली की जणू तिथंच वाढली होती. लाल दोरीला तिनं टिचकी मारली. दोरी वाजली, आणि हिला हसू आवरेना. अंगदची आई साळूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तीही हसायला लागली. "बया, लेकरू बघितल्यावानी बघतीया की!"

"वढा की ताई," अंगद म्हणाला. "निस्ता मातूर सोडू नका, बान लावल्याबिगर सोडला तर कमठा मोडतो."

तिनं पाय रोवले, खांदे सरळ केले. शरीराला सगळं आठवत होतं, कोपर किती वर, मान किती वळवायची. दोरी ओढली. छातीपर्यंत आली. आणखी दोन बोटं. आणि मग दात आवळले गेले, पण हनुवटी आणि दोरी यांच्यात वीतभर अंतर राहिलं ते राहिलंच.

"हळू परत न्या," अंगद म्हणाला. तिनं हळू परत नेली. पुन्हा ओढली. पुन्हा तेवढीच. तिसऱ्यांदा तर त्याहून कमी.

तिचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांचा तिला भयंकर राग आला. ठरवल्याप्रमाणं धनुष्याचं नाव टाकायला मात्र मन होईना. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घेऊन जाते. भिंतीला लावते. सवय झाली की येईल हळूहळू."

"खरं सांगा ताई, तुमचा ताण किती हाय?"

"अकरा," ती खाली बघून म्हणाली. "म्हनलं, वाढत्या अंगाचा असावा."

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बाय माझे! आता आनिक किती वाढायचं हाय तुझं अंग?"

हे तिनं कुत्सितपणे म्हटलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मग पुष्पावतीला आतूनच हसू फुटलं, रडू आणि हसू एकदमच. झगा, चपला, पोलकं, सगळं एका रांगेत डोळ्यापुढं उभं राहिलं. आजवर अंगावर घातलेलं सगळं पुढच्या कुठल्यातरी बाईच्या मापाचं होतं, आणि ती बाई कधी आलीच नव्हती.

"अकराचा करता येईल का?" तिनं विचारलं.

"येईल. तासून काढायचा. पर नीट इचार करा," अंगद म्हणाला. "तासलेलं परत चिकटवता येत न्हाई. उद्या तुमचा हात सोळाला गेला, तर ह्यो कमठा काय परत सोळाचा व्हायचा न्हाई. तवा म्हनू नका, अंगद्यानं वाटूळं केलं."

भिंतीवर सोळाचा राहिला तर सतरा वर्षांची पुष्पावती तिथं टांगलेली राहणार होती, एक दिवस येईल या आशेवर. तासला, तर ती गेली. तिनं कमठा हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरला.

"तासा," ती म्हणाली. "बसा लगीच, मला चारची गाडी हाय."

अंगद खाली बसला. त्यानं काचेचा तुकडा घेतला आणि कमठ्याची आतली बाजू खरवडायला लागला. बांबूच्या कागदासारख्या पातळ साली उडू लागल्या. थोडं खरवडायचं, कमठा खाचा पाडलेल्या फळीवर चढवायचा, दोरी काट्याला अडकवून खाली ओढायची, वाक बघायचा. पंधरा. साडेचौदा. तेरा. मग बराच वेळ गेला. वाक सारखा पडेना, वरची बाजू जरा ताठ वाटत होती, पण नेमकं कुठं अडतंय ते अंगदला सापडेना. तो डोळे बारीक करून बघत होता.

"द्या हिकडं," पुष्पावती म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत बांबू धरून चिमूट मुठीपासून वर सरकवत नेली, अगदी तसंच, जसं ती रोज जात्याखालून पडणारं पीठ चिमटीत चोळून रवाळ आहे का बारीक ते सांगते. गिरणीच्या सोळा वर्षांत तिच्या बोटांना फसवणारं पीठ बेलापुरात पडलेलं नाही. एके ठिकाणी ती थांबली. "हितं. नखाएवढं जाड हाय."

अंगदनं तिथं काच फिरवली, परत फळीवर चढवला. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. त्यानं तिच्याकडं बघून कपाळाला हात लावला. "ताई, गिरनी बंद करा आन् हितं या कामाला."

पुढचं दोघांनी मिळून केलं. तो खरवडायचा, ती चिमटीनं सांगायची. काटा साडेबारावर आला तेव्हा तिला वाटलं, थांबावं, एवढं पुरे. काळीज अजून सोळाकडंच ओढत होतं. तिनं उभं राहून ओढून पाहिलं, दोरी ओठांपर्यंत आली. "अजून," ती म्हणाली. अंगद हसला आणि परत बसला. काटा अकरावर आला तेव्हा साळूबाईनं चहा तीनदा गरम केला होता आणि कुणीच तो प्यायला नव्हता.

कडब्याच्या गंजीवर अंगदनं पोत्याचं तोंड ताणून बांधलं, त्यावर कोळशानं गोल काढला आणि तीस पावलांवर पायानं रेघ ओढली. पुष्पावती रेघेवर उभी राहिली. बाण लावला. दोरी हनुवटीला टेकली आणि तिथं थांबली, हात न हलता, एक, दोन, तीन. हे थांबणं! ती गेली अठ्ठावीस वर्षं याच क्षणासाठी झुरत होती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं बोटं सैल केली.

बाण गंजीत घुसला, पोत्याच्या चांगला हातभर डावीकडं. पुष्पावती आनंदानं किंचाळली. दुसरा पोत्यावर. तिसरा गोलाच्या कडेला. "आगं आगं आगं!" साळूबाई शेंगांचं सूप सोडून अंगणात आली. पाचवा बाण गोलात बसला तेव्हा पुष्पावती कमठा डोक्यावर धरून अंगणात गरकन फिरली आणि तिनं अंगदच्या आईला मिठी मारली. काकासाहेबाला फोन लावला, तर त्यानं "हॅलो" म्हणायच्या आत हिनं ओरडून सांगितलं, "बसला! बसला मधी!" पलीकडून तोही ओरडला, काय ते कुणाला कळलं नाही.

अंगदनं चुलीत एक मोठा खिळा तापत ठेवला होता. "आता आकडा टाकायचा," तो म्हणाला. "मी मुठीच्या गुंडाळीखाली टाकतो, कुनाला दिसत न्हाई. किती टाकू?"

"किती म्हंजी?"

"सगळी वाढवूनच टाकाया लावत्यात. दोन किलो, तीन किलो. तालमीतली पोरं तर पाच. तेवढ्यानं मला काय व्हतंय? तुमी सांगाल त्यो टाकतो. सोळा टाकू?"

पुष्पावतीनं त्याच्या हातून चिमट्यासकट खिळा घेतला. मुठीच्या वर, बाहेरच्या बाजूला, जिथं कुणालाही लांबून दिसेल अशा जागी तिनं टोक टेकवलं. बांबूचा धूर निघाला. हात जराही हलला नाही. दोन मोठे, ठसठशीत एक, शेजारी शेजारी.

"काय लिवलंस गं?" साळूबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"अकरा, मावशी. आजचं माझं माप."

चारच्या गाडीला अजून अर्धा तास होता. ती गंजीतून बाण उपटून आली आणि परत रेघेवर उभी राहिली.