संक्रांतीची उडी

रुपराव सदर भागातल्या एका दुकानासाठी पडदे शिवायचा. पन्नाशी उलटली, तरी संक्रांत जवळ आली की त्याचं मशीनवर लक्ष लागत नसे. महाल भागातल्या त्याच्या गल्लीत घरं इतकी खेटून, की पोरं एका गच्चीवरून दुसरीवर सहज जात. रुपराव त्यांना कधी रागावला नाही. उलट कोणी पतंग लुटून आणला की पाठ थोपटायचा. पोरांचा तो लाडका काका.

समोरच्या कांताबाईंची पिंकी त्यांत सर्वांत चपळ. नववीत होती, शाळेच्या कबड्डी संघात होती.

त्या दिवशी रुपरावनं एक मोठा काळा पतंग काटला. "ओ काट!" सगळी गच्ची ओरडली. पतंग गिरक्या घेत बोळापलीकडच्या टिनाच्या छपरावर जाऊन पडला. पिंकी कठड्यावर चढली आणि थबकली. तिनं वळून रुपरावकडे पाहिलं.

"पाहून काय राहिली वं? मार उडी!" रुपराव ओरडला.

पिंकीनं उडी मारली. गंजलेला टिन पायाखाली फाटला आणि ती बोळात कोसळली.

रुपरावनंच तिला उचललं, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. घोट्याच्या वर हाड मोडून बाहेर आलं होतं. कांताबाई खानावळीत पोळ्या करायच्या. कणकेच्या हातांनीच धावत आल्या आणि त्याच्या पाया पडल्या.

"भाऊ, तुमी होते म्हनून माही पोरगी वाचली."

त्यानं पाय मागं घेतले आणि घाईनं औषधं आणायला निघून गेला. गल्लीत जो तो त्याची तारीफ करू लागला. कुणी पानाच्या टपरीवर चहा पुढं केला. त्यानं पेला तसाच ठेवला. ऑपरेशन झालं, पायात स्टीलची पट्टी टाकली, तरी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचा.

शेवटी एका दुपारी तो आत गेला. पिंकी झोपली होती. कांताबाई संत्रं सोलत होत्या.

"कांताबाई, तिले उडी मार म्हनून मीच ओरडलो. ते तं थांबली होती."

कांताबाईंनी मान वर केली नाही. "मले मालूम हाय. पिंकीनं सांगतलं. काकाले काही म्हनू नको म्हने."

"मंग काहून नाही बोलल्या?"

"तुमी कधी सांगता, ते पाहून राहिली होती."

रुपराव तिथंच भिंतीशी उभा राहिला. बसा, असं त्या म्हणाल्या नाहीत.

पिंकी पुढं चालू लागली, पण पाय किंचित ओढत. कबड्डी सुटली. भेटली की ती पूर्वीसारखीच "काका" म्हणायची. नजर तोच चुकवायचा.

पुढच्या संक्रांतीला त्यानं पतंग आणलाच नाही. सकाळपासून तो गच्चीच्या कठड्याशी उभा राहून चढणाऱ्या पोरांना खाली उतरवत होता. बंटी नावाचं एक पोरगं चिडून म्हणालं, "पिंकीले तं तुमीच म्हनलं होतं, मार म्हनून!"

रुपरावनं त्याचा हात धरला.

"हो, मीच म्हनलं होतं," तो म्हणाला. "तू उतर खाली."